अमूर्त चित्रासाठी रबरी रोलर: नरम घ्यावा की कडक?

कलासाहित्याच्या दुकानात रोलर मागितला की बहुतेक वेळा समोर येतो तो लिनोकटच्या (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून घेतलेल्या छापाच्या) कामासाठी बनवलेला कडक, काळा रोलर. तैलरंगात अमूर्त काम करणाऱ्याने पहिला रोलर म्हणून तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू चांगली आहे, पण तिचं काम चित्राच्या शेवटच्या टप्प्यात येतं. सुरुवात करायला ४ किंवा ६ इंच रुंदीचा, नरम रबराचा रोलर हवा. हे परीक्षण या दोन रोलरचं आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा फोमचा रोलर आणि नाइफ (रंग लावायची, खरवडायची बोथट, लवचीक पात्याची सुरी) यांचाही विचार सोबत केला आहे, कारण प्रत्यक्ष कामात ही साधनं एकमेकांच्या चुका निस्तरत असतात.

रोलर आणि अमूर्त चित्र म्हटलं की मराठी माणसाला वासुदेव गायतोंडे आठवणारच. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या आणि १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराने पुढे रोलर आणि पॅलेट नाइफ ही आपली मुख्य हत्यारं केली. रंग पसरायचा, त्यावर रोलर फिरवायचा, नाइफने खरवडायचा, वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे आणि मग पुन्हा थर द्यायचा. आधी रेखाटून मग रंग भरलेली रचना त्यांच्या प्रौढ काळातल्या कामात सापडत नाही. काय ठेवलं आणि काय काढून टाकलं, यातूनच तिथे आकार वर येतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या शीर्षकातही चित्राच्या प्रक्रियेलाच मान होता. ज्यांना मूळ चित्रं पाहता येतील त्यांनी ती समोरून पाहावीतच, पण बाजूने, तिरप्या उजेडातही पाहावीत. कुठे रंग दाबून बसवला आहे, कुठे ओढून काढला आहे, हे पुस्तकातल्या छपाईत कळत नाही.

रोलरची निवड इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर इथेच आहे. ब्रशच्या फटकाऱ्यात मनगटाचं वळण उतरतं, सुरुवात आणि शेवट दिसतो. रोलरमध्ये मनगट जवळजवळ गायब होतं. हातात तीनच गोष्टी उरतात: दाब, दिशा आणि रोलरवर घेतलेल्या रंगाचं प्रमाण. या तिन्ही गोष्टी कॅनव्हासपर्यंत कशा पोहोचतील, हे रबराचा नरमपणा ठरवतो. म्हणून रोलर विकत घेताना आपण रचनेचाच एक भाग निवडत असतो.

रबराचा कडकपणा ‘शोअर ए’ या मापात मोजतात. साधारण २० ते ३० शोअरचं रबर नरम, ५० ते ६० चं कडक. पाकिटावर आकडा नसेल तर अंगठ्याचं नख टेकवून दाबा. नरम रबर नखाखाली दबतं आणि नख उचललं की लगेच भरून येतं, कडक रबर दाद देत नाही. कॅनव्हासवर हा फरक ताबडतोब दिसतो. कापडाच्या विणीला माथे असतात आणि खळगे असतात. कडक रोलर फक्त माथ्यांवर रंग ठेवून पुढे जातो, खळग्यांतून खालचा थर डोकावत राहतो. नरम रोलर खळग्यांत उतरतो आणि सलग पडदा देतो. पहिले दोन-तीन थर सलगच हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक थरात कापडाची वीण बोलत राहते आणि चित्रातला अवकाश पृष्ठभागावरच अडकतो. पाच-सहा थरांनंतर, वीण बऱ्यापैकी भरलेली असताना, कडक रोलर हलक्या हाताने फिरवला की तो फक्त उंचवटे पकडतो. नाइफचे ओरखडे, कागद उचलल्यावर राहिलेल्या कडा, रंगाचे गुठळ्यासारखे भाग तेवढेच उजळतात किंवा गडद होतात. कडक रोलरचं खरं काम हे. त्यासाठी तो जरूर घ्या, पण दुसरा.

पदार्थाचीही चौकशी करा. नैसर्गिक रबर जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये फुगतं, चिकट होतं. पाण्यात विरघळणाऱ्या छापकामाच्या शाईसाठी ते चालतं, तैलरंगाला नाही. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेलाला चांगलं तोंड देतं. पॉलियुरेथेनचे पारदर्शक, पिवळसर रोलरही तेलात टिकतात आणि त्यांचा नरमपणा कामाला फार सुखाचा असतो. मात्र दमट हवेत आणि उन्हात ते वर्षानुवर्षं राहिले की रबर चिकट पडू लागतं आणि शेवटी तुटायला लागतं. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत नायट्राइल जास्त भरवशाचं. पुणे-नागपूरकडे पॉलियुरेथेन घ्यायला हरकत नाही, फक्त खिडकीत ठेवू नका.

रबर पाहून झालं की सांगाडा पाहा. वाकवलेल्या जाड तारेचा सांगाडा ४ इंचापर्यंत ठीक. ६ इंचाला तो दाबाखाली वाकतो, रोलर तिरपा होतो आणि एका टोकाला रंग जास्त बसतो. रुंद रोलरला दोन्ही बाजूंनी आसाला धरणारा ठोस सांगाडा आणि शक्यतो बेअरिंग हवं. दुकानातच एक चाचणी करता येते. काउंटरच्या काचेवर रोलर ठेवा, डोळे काचेच्या पातळीला आणा आणि उजेडाकडे तोंड करून रोलर हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा. रबर आणि काच यांच्यामधून कुठेही उजेडाची फट दिसली तर तो रोलर परत द्या. ही फट रंगात नेमकी तेवढ्याच रुंदीचा कोरा पट्टा सोडते आणि कितीही दाबलं तरी भरत नाही.

आता व्यासाबद्दल, कारण याकडे कोणी बघत नाही आणि रचनेवर सर्वांत जास्त परिणाम याचाच होतो. रोलर एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा त्याच जागेवर येतो तेव्हा त्याने व्यासाच्या ३.१४ पट अंतर कापलेलं असतं. ३२ मिमी व्यासाचा रोलर सुमारे १० सेंमीवर स्वतःची पुनरावृत्ती करतो, ३८ मिमीचा १२ सेंमीवर, ५० मिमीचा जवळपास १६ सेंमीवर. रबरावर एक बारीक चीर असेल तर तीही त्याच अंतराने कॅनव्हासवर उमटत राहते. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ओल्या रंगातल्या एखाद्या आकारावरून रोलर गेला की तो त्या आकाराचा थोडा रंग उचलतो आणि पुढच्या फेऱ्यात त्याची फिकट सावली टाकतो. १० सेंमीवर एक, मग २० वर त्याहून फिकट दुसरी. लक्ष नसेल तर चित्रात ठरावीक अंतराची छापील नक्षी तयार होते आणि अवकाश संपतो. लक्ष असेल तर हीच सावली रचना बांधते: एका भारी आकाराला खाली किंवा वर हलका प्रतिध्वनी मिळतो, तोही त्याच रंगाचा आणि त्याच पोताचा. हे हवं तेव्हा मिळावं आणि नको तेव्हा टळावं, यासाठी आपल्या रोलरचा घेर किती सेंमी आहे हे पाठ असलं पाहिजे. घेर मोजून दांड्यावर लिहून ठेवा. सावली टाळायची असेल तर प्रत्येक फेऱ्यानंतर रोलर कोऱ्या कागदावर दोनदा फिरवून साफ करा आणि मगच पुन्हा कॅनव्हासला लावा.

रोलरवर रंग घ्यायची पद्धत छापकामातून जशीच्या तशी उचलावी. ६ मिमी जाडीची, कडा घासलेली काच किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. ट्यूबमधला रंग नाइफने काचेवर घोटा, मग त्याची रोलरच्या रुंदीएवढी पातळ पट्टी ओढा. रोलर त्यावर पुढे न्या आणि शेवटी उचला, म्हणजे तो हवेत थोडा फिरतो आणि पुढच्या वेळी त्याचा वेगळा भाग रंगाला लागतो. न उचलता नुसतं पुढे-मागे घासलं तर रंग घेराच्या एकाच भागावर साठतो. रंग योग्य झाला हे कानाने कळतं. रोलर फिरताना बारीक, सलग सळसळ ऐकू आली की प्रमाण बरोबर. चपचप आवाज आला, तर रंग जास्त आहे किंवा तेल जास्त आहे. अशा वेळी कॅनव्हासवर रोलर फिरत नाही, घसरतो. अजिबात आवाज नसेल तर रंग कमी आहे.

प्रमाणाचा हिशोब असा. रोलरचा एक पातळ थर २५ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाचा) धरला, तर ६० बाय ७५ सेंमीच्या कॅनव्हासला ११ मिली रंग लागतो आणि ९० बाय १२० सेंमीला २७ मिली. काचेवर आणि रोलरवर राहणारा रंग वेगळा, तो कमीत कमी ५ मिली धरा. म्हणजे लहान कॅनव्हासला ४० मिलीची ट्यूब दोन-अडीच थर पुरते. आठ-दहा थरांच्या चित्राचं अंदाजपत्रक यावरून आधीच मांडता येतं. खालच्या थरांना विद्यार्थी दर्जाचे रंग चालतात. वरच्या दोन-तीन थरांना मात्र चांगला रंग लागतो, कारण इतक्या पातळ पडद्यात भरणीचा पदार्थ जास्त असलेला रंग धुरकट दिसतो.

कॅनव्हासची तयारी केली नाही तर सगळ्यात महागडा रोलरही फुकट जाईल. ताणलेल्या कॅनव्हासवर दाब दिला की कापड मागच्या लाकडी पट्टीला टेकतं आणि चौकटीच्या आत, कडेपासून काही सेंमीवर, पट्टीची सरळ रेघ चित्रात उमटते. मोठ्या कॅनव्हासला मधली आडवी पट्टी असेल तर तीसुद्धा उमटते. एकदा उमटली की पुढचे थर तिला आणखी ठळक करतात. उपाय सोपा आहे. पट्ट्यांच्या आतल्या मापाचा प्लायवूड किंवा घट्ट थर्माकोल कापून मागून बसवा. कापड आणि लाकूड यांच्यात पट्टीच्या उतारामुळे जी थोडी जागा असते, तेवढी उंची पुठ्ठ्याने भरून काढा. काम टेबलावर आडवं ठेवूनच करा. अस्तराला जेसोचे (रंगाआधी कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या लेपाचे) तीन-चार हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

फोमच्या रोलरची गुणवत्ता इथे कळते. जेसोसाठी तो उत्तम, स्वस्त आणि वेगवान आहे. तैलरंगासाठी त्याची शिफारस मी करणार नाही. फोम हवा धरून ठेवतो, रंगात बुडबुडे सोडतो आणि ते फुटल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. काही फोम आणि त्यांना चिकटवणारा डिंक टर्पेंटाइनमध्ये सुटतो. भिंतीच्या रंगाचा लव असलेला रोलर पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीचा पोत देतो. तो पोत इतका ओळखीचा आहे की पाहणाऱ्याला चित्राआधी भिंत आठवते.

नाइफ घेताना मान वाकवलेला पेंटिंग नाइफ घ्या, म्हणजे बोटं ओल्या रंगाला लागत नाहीत. पातं टेबलावर दाबून पाहा: पुढचा एक तृतीयांश भाग वाकला पाहिजे, मान हलता कामा नये. पातं आणि मान वेगवेगळे बनवून जोडलेले नाइफ नेमके त्या जोडावर तुटतात. एकाच तुकड्यातून घडवलेला थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. मोठ्या भागावरचा रंग काढायला मात्र पुट्टी लावायचे लवचीक स्टीलचे पत्रे कोणत्याही कलासाहित्याच्या नाइफपेक्षा चांगले काम देतात. त्यांची टोकं बारीक पॉलिश पेपरने गोल करून घ्या, नाहीतर कोपरा कापडात घुसतो.

प्रत्यक्ष चित्र उभं करताना पहिला थर कच्च्या किंवा भाजलेल्या अंबरचा, म्हणजे मातीपासून बनणाऱ्या तपकिरी रंगाचा, द्यावा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो आणि दोन-तीन दिवसांत पुढे जाता येतं. कॅडमियमचे रंग, अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतात, त्यांना खालच्या थरात जागा देऊ नये. पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, तेल नाममात्र. वर जाताना तेल वाढत गेलं पाहिजे. उलटं केलं तर वरचा थर आधी आखडतो आणि खालच्या ओलसर थरावर तडकतो. झिंक व्हाइट तर मुळातच ठिसूळ पडदा देतो. उजळ करायला टायटॅनियम व्हाइट वापरा. तेल जास्त झालं तर तडे जात नाहीत, सुरकुत्या पडतात. रोलरच्या पातळ थरात हे कमी घडतं, पण पट्ट्याच्या दोन्ही कडांना रंग साठून रेघ होते तिथे हमखास घडतं. ती रेघ ओली असतानाच, रिकाम्या रोलरने काटकोनात फिरवून मोडा.

कागदाने रंग उचलण्याची रीत गायतोंडे यांच्याकडे रचनेचं साधन झाली. लंडनच्या स्लेड स्कूलमधले शिक्षक हेन्री टाँक्स हे जादा रंग काढायला वर्तमानपत्राचा कागद वापरत आणि त्यांच्या नावावरून ती रीत तिकडे ओळखली जाते. तिथे हेतू साफसफाईचा होता. इथे फाडलेल्या कागदाची कड हाच आकार होतो. कात्रीने कापलेल्या कागदाची कड रोलरच्या सरळ पट्ट्याशी फार जुळते, म्हणून कागद फाडावा. वर्तमानपत्राचा कागद तेल शोषतो आणि जास्त रंग उचलतो, खाली मॅट डाग राहतो. मासिकाचा चकचकीत कागद कमी शोषतो, रंग सरकवतो आणि कडेला बारीक वरंबा उभा करतो. एकाच चित्रात दोन्ही वापरले की एकाच रंगाच्या दोन खोली मिळतात. कागद ठेवून त्यावर कोरडा, नरम रोलर एकदाच फिरवा आणि कागद एका कोपऱ्यातून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढत उचला. सरळ वर उचलला तर रंगाला जाळीदार शिरा पडतात. त्या हव्या असतील तर तसंच करा. रंग अर्धवट वाळून चिकट झालेला असताना कागद लावू नका. तो फाटतो, तंतू रंगात अडकतात आणि नंतर निघत नाहीत.

रचनेबद्दल रोलर वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण म्हणजे क्षितिज. आडव्या कॅनव्हासवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला एकच सलग पट्टा डोळा समुद्र आणि आकाश म्हणूनच वाचतो, रंग कोणताही असो. रोलरला मात्र असा पट्टाच सर्वांत सोपा जातो. गायतोंडे यांच्या साठच्या दशकातल्या काही चित्रांत ही क्षितिजाची चाहूल आहे. पुढच्या काळातली त्यांची बहुतेक कॅनव्हासं उभी आहेत आणि त्यांत आकार तरंगतात, टेकत नाहीत. उभी चौकट घेतली की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पट्टा एका बाजूने कडेबाहेर जाऊ द्या आणि दुसऱ्या बाजूला, कडेच्या आत, रंग संपेपर्यंत विरू द्या. रोलर मध्येच उचलू नका, उचलल्याची आडवी खूण राहते. दोन पट्ट्यांमधलं अंतर सारखं ठेवू नका. आणि मधोमध काही घडत असेल तर त्याला उत्तर देणारं काहीतरी कडेजवळ, त्याहून लहान पण जास्त गडद असं हवं.

रंगांपेक्षा छटांचा उजळ-गडदपणा आधी तपासा. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढला की लगेच कळतं. रोलरच्या थरांत छटा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की एखादा ठळक काळा किंवा पांढरा डाग सगळं चित्र गिळून टाकतो. असा डाग आला तर तो पूर्ण झाकायच्या भरीला पडू नका. अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते यांच्या अनेक चित्रांत वरचा एकरंगी थर आधीचं बरंच काही झाकतो आणि काही जागा उघड्या सोडतो. त्या उघड्या जागांमुळेच झाकलेल्या भागाला वजन येतं. रोलरने झाकताना हेच धोरण ठेवावं: आधी वाचवायच्या जागा ठरवा, त्यांवर फाडलेला कागद ठेवा, मग रोलर फिरवा.

कामानंतरची निगा दहा मिनिटांची आहे, पण रोलरचं आयुष्य त्यावरच आहे. आधी जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून रंग काढा, मग चमचाभर खाद्यतेल लावून पुसा, शेवटी चिंधीवर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा. रोलर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवू नका, आसाच्या टोकांकडून ते आत शिरतं आणि रबर गाभ्यापासून सुटतं. रोलर रबरावर टेकवून ठेवला तर काही दिवसांत तिथे सपाट भाग तयार होतो आणि दर फेऱ्याला एक फिकट आडवी रेघ देतो, म्हणून तो खिळ्याला टांगावा किंवा पाठीवर उलटा ठेवावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा बंद डब्यात कोंबून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून टाका.